पोशीरच्या राबावर टिकटिक

कर्जतला माणसं जातात ती डोंगर चढायला, नाहीतर कुणाच्या तरी फार्महाउसवर लोळायला. मी गेले ती एका आकड्यापायी. तोही माझा नव्हे, पोशीर गावातल्या एका मुलीने मोजलेला. मे महिना संपत आला होता आणि माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला एक डिटेक्टर होता. समोरच्या बाकावरच्या काकूंनी सोलापूरपासून पुण्यापर्यंत धीर धरला, मग विचारलंच, "कुकर आहे का हो?" मी सरळ हो म्हटलं. गॅमा किरण आणि किरणोत्सार असलं काही सांगायला लागले असते तर त्या उठून दुसऱ्या डब्यात गेल्या असत्या आणि त्यांच्या डब्यातली धपाटी मला मिळाली नसती.

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्ती दाराशी आली आहे. या सगळ्या वर्षांत मी एकच हट्ट धरला. बी.एस्सी.च्या पोरांनी अणुकेंद्राचं, थोडं का होईना, खरं संशोधन करायचं. स्टाफरूममध्ये सहकारी हसायचे. "अहो, यांना व्हर्नियर धड वाचता येत नाही आणि तुम्ही यांच्या हातात गायगर काउंटर देताय." माझं म्हणणं साधं होतं. जर्नलातल्या प्रयोगाचं उत्तर गेल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलात असतंच. पोराने आयुष्यात एकदा तरी असा आकडा मोजावा, जो त्याच्याआधी जगात कुणाला ठाऊक नव्हता. मग तो आडाच्या पाण्याचा असो, घराच्या भिंतीचा असो, नाहीतर गावच्या मातीचा. असा आकडा हाती आला की पोर दोन दिवस वेगळंच चालतं. ते चालणं बघायला मिळावं म्हणून मी प्राचार्यांशी, हेडक्लार्कशी, स्टोअरच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मामांशी मनसोक्त भांडले आहे.

नीलेश त्या पोरांपैकीच एक. आता तो कर्जतकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, खोपोलीत भाड्याने राहतो, आणि माझा हट्ट त्याने तिकडे नेऊन लावलाय. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांची माती आणायची आणि तिचा किरणोत्सार मोजायचा, असा प्रकल्प त्याने दोन मुलांना दिला. खोपोलीचा साहिल आणि पोशीरची मानसी. मला तर ऐकूनच बरं वाटलं होतं. मग एका दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, मोठा घोळ झालाय."

घोळ असा. बाकी सगळ्या गावांची माती एका रांगेत आली आणि पोशीरची तेवढी ठळकपणे वर गेली. मानसीने पुन्हा पुन्हा मोजलं, तरी तेच. साहिल आनंदाने वेडा झाला आणि त्याने तो आलेख आपल्या मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. पोशीरचा खांब लाल रंगात, वर जाळाचं चित्र. संध्याकाळपर्यंत ते पोशीरला पोचलं. आणि ती माती होती मानसीच्याच वडिलांच्या, बाळारामदादांच्या शेतातली. दुसऱ्या दिवशी गावात बोललं जाऊ लागलं की बाळारामच्या शेतात युरेनियम निघालं. दरवर्षी त्यांच्याकडून तांदूळ नेणाऱ्या बंगलेवाल्यांनी फोन करून यंदा नको म्हणून सांगितलं. बाळारामदादांनी मानसीचं कॉलेज बंद केलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, रोपांची जागा तयार असूनही त्यांनी तिच्यात भाताचं बी टाकलं नाही.

"रोहिणी लागल्यात मॅडम," नीलेश म्हणाला. "आत्ता बी पडलं नाही तर लावणीला रोपं नाहीत. म्हणजे त्यांचं वर्ष गेलं. आणि माझ्याकडे नुसता गायगर काउंटर आहे."

त्याची अडचण मला लगेच कळली. गायगर काउंटर म्हणजे दारावरची बेल. कुणीतरी आलंय एवढंच सांगते. कोण आलंय ते बघायला दाराला भिंग लागतं, आणि तसा भिंगवाला डिटेक्टर माझ्या प्रयोगशाळेत होता. मी तिकीट काढलं. घरी सांगितलं, चार दिवस जाऊन येते. "या उन्हात?" असं विचारलं गेलं. मी म्हटलं, सोलापूरकराला उन्हाची काय भीती. हे किती मूर्खपणाचं बोलले ते कर्जतला उतरल्यावर कळलं.

खोपोली

घाट उतरताना ठाकुरवाडीला गाडी ब्रेक तपासायला थांबते. खाली दरीत दोनचार घरं, एक धुराची रेघ, बाकी नुसता वाळलेला डोंगर. तिथपर्यंत मी मजेत होते. कर्जतला पाय ठेवला आणि अंगाला कुणीतरी ओला टॉवेल गुंडाळल्यासारखं झालं. आमच्याकडे ऊन भाजतं, इथे ते उकडतं. फलाटावर नीलेश एका हातात वडापाव घेऊन उभा, दुसऱ्या हाताने वाकून नमस्कार. मी म्हटलं, "अरे, आधी हा कुकर धर, मग पाया पड."

खोपोलीला त्याच्या घरी रूपालीने, त्याच्या बायकोने, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली होती. ती इथलीच, खालापूरकडची. वाल सोलून ठेवले होते, प्रत्येक दाणा गोरापान. हे सोलत बसायला किती वेळ लागतो असं मी विचारलं, तर म्हणाली, "टीव्हीवरची एक मालिका." त्या बिरड्याला एक बारीकसा कडवटपणा होता, तो मला फार आवडला. आमच्याकडच्या भाकरीला चावायचं असतं, ही तोंडात गेली कधी ते कळतही नाही. मी बरोबर आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी रूपालीला दिली. तिने भाकरी टेबलावर आपटून बघितली आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

साहिल आधीपासून येऊन कोपऱ्यात बसला होता. उंच, किडकिडीत पोरगा, चेहरा पार उतरलेला. येताना गाडीत मी त्याला काय काय सुनवायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्याला बघून निम्मं विसरले.

"मॅडम, मी फक्त स्टेटसला ठेवलं होतं. चोवीस तासांत निघूनच जातं ते."

"चित्र जातं. आकडा जात नसतो बाळा."

"मानसी माझ्याशी बोलत नाही."

"मीही बोलले नसते. ही भाकरी खा."

त्याने ती मुकाट्याने कडाकडा खाल्ली. पोरगा वाईट नव्हता. जगात कुणाला ठाऊक नसलेला आकडा हातात आला आणि त्याला तो पोटात ठेवता आला नाही. हा रोग मी चांगला ओळखते, तो मीच लावत आले आहे.

पोशीर

सकाळी साहिलला घेऊन नीलेशच्या गाडीने निघालो. गाडीच्या एसीने केव्हाच मान टाकली होती. नेरळ सोडल्यावर मागे माथेरानचा सपाट माथा, पुढे लांबवर सह्याद्रीची भिंत, आणि मधे सगळी भाताची खाचरं, कोरडी, भेगाळलेली. अधूनमधून रंगीत कमानी आणि त्यांच्यामागे बंगले. मला नवल वाटलं ते शेतांतल्या काळ्या चौकोनांचं. पिवळ्या-तपकिरी खाचरांत जागोजाग काळे चौकोन. मी नीलेशला विचारणार होते, तेवढ्यात खड्डा आला आणि डिटेक्टर सांभाळण्यात राहूनच गेलं.

बाळारामदादा ओटीवर बसले होते. त्यांच्यामागे भिंतीशी बियाण्याचं पोतं होतं, तोंड शिवलेलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं रीतसर केलं. साहिलकडे बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेली माणसं. मला एकच सांगा. या जमिनीत बी टाकू का नको? हो नायतर नाय. गिराफ नको."

"उद्यापर्यंत सांगते," मी म्हटलं.

"उद्या म्हंजे उद्या. रोहिणी माझ्यासाठी थांबत नाय."

वनिताताईंनी, त्यांच्या बायकोने, चहा आणला. त्या हळूच म्हणाल्या, "लोक चिडवतात ओ. म्हनतात, बाळारामच्या भातावर लायटीचं बिल वाचंल, अंधारात चमकंल. यांना सहन होत नाय. बापलेकीचं बोलनं बंद हाय." दाराआड मानसी उभी होती. ठसठशीत, सावळी पोरगी, नजर खाली. मी तिला म्हटलं, "चल गं, माती कुठून उचललीस ते दाखव." ती वडिलांकडे बघायला लागली. त्यांनी मान वळवली, पण नाही म्हणाले नाहीत. मी तेवढं पुरेसं धरलं.

शेत घरामागेच होतं. मानसी आम्हाला सरळ एका काळ्या चौकोनापाशी घेऊन गेली. जळकी, भुसभुशीत जमीन, बोट खुपसलं तर आत जावं अशी. मी बघतच राहिले, आणि तोंडातून निघून गेलं, "इथे कचरा कुणी जाळला?"

बाळारामदादा मागोमाग येऊन बांधावर उभे होते, त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या देव्हाऱ्याला नावं ठेवली. आणि वनिताताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसू आवरेना त्यांना.

"मॅडम, तो राब आहे," मानसी म्हणाली. तिचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

मग तिनेच समजावलं. भाताची रोपं जिथे करायची ती जागा पावसाच्या आधी भाजून घेतात. खाली शेणाचा थर, त्यावर कवळ, म्हणजे डोंगरावरच्या झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, मग पालापाचोळा, गवत, वरून बारीक माती. आणि मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं. असं भाजलं की तण मरतं, रोप जोमाने येतं. रस्त्यात दिसलेले सगळे काळे चौकोन म्हणजे राब. आमच्या ज्वारीच्या मुलखात हे कुणाला माहीत असणार? तिथे रान नांगरून टाकायचं आणि आभाळाकडे बघत बसायचं.

"आणि सगळं शेत सोडून तू माती इथली का उचललीस?" मी विचारलं.

ती जरा अडखळली. "कॉलेजात जायची होती ना मॅडम. आमच्या नावाने. ही सगळ्यात चांगली असते. बाबा वर्षभर तिची काळजी घेतात."

मी नीलेशकडे पाहिलं, नीलेशने साहिलकडे. साहिलने बाकीच्या गावांची माती रस्त्याकडेच्या खाचरांतून उचलली होती, येईल तशी. मानसीने बापाच्या जिवातला तुकडा नेला होता. प्रयोगात नमुना साधारण असावा लागतो. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि स्वतःच्या घरची साधारण माती कोण नेईल हो? माझ्या डोक्यात एक शंका चमकून गेली. पण शंकेवर कुणाचं बी शेतात पडत नाही. मी डिटेक्टर काढला.

पुढची दुपार फार मजेची गेली, आता सांगताना. तेव्हा जीव मेटाकुटीला आला होता. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसेना, म्हणून मी आणि मानसी गोधडी डोक्यावर घेऊन त्यात शिरलो. बांधावर जमलेल्या बायकांना शेतात दोन बायका गोधडीत तोंड घालून बसलेल्या दिसत होत्या, त्यांनी आमच्याबद्दल काय ठरवलं ते देव जाणे. त्यात उष्णतेने डिटेक्टर बहकला आणि सगळं चित्र एका बाजूला सरकलं. माझा घाम थेट कीबोर्डवर. नीलेश म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी करू." मी त्याला म्हटलं, "तू गप्प बस आणि पिशवीतली बाटली आण."

त्या बाटलीत पोटॅशियमचा क्षार होता, प्रयोगशाळेतला. आधी ती डिटेक्टरजवळ ठेवली. पडद्यावर एक टेकडी उभी राहायला लागली; दर मूलद्रव्याची टेकडी आपापल्या ठरलेल्या जागीच येते. मग बाटली दूर नेऊन डिटेक्टर राबावर ठेवला आणि वाट बघत बसलो. एकेक ठिपका पडत होता. बराच वेळ नुसती धूळ दिसावी तसं होतं. मग हळूहळू तिथेच, अगदी त्याच जागी, दुसरी टेकडी उभी राहिली. लहानशी, पण तिथेच.

"पोटॅशियम," मानसी पुटपुटली. आणि मग मोठ्याने, "मॅडम, राख. कवळाची राख आहे ही."

मला इतका आनंद झाला की मी गोधडीतच तिच्या पाठीत धपाटा घातला. मग शेजारच्या कोऱ्या खाचरातही डिटेक्टर लावला, तर युरेनियमच्या, थोरियमच्या जागांवर दोन्हीकडे सारखंच, काही विशेष नाही, आणि पोटॅशियमची टेकडी तिथे बरीच बुटकी. झाडाच्या अंगात पोटॅशियम असतं, त्यातला अगदी थोडा भाग निसर्गतःच किरणोत्सारी असतो. झाड जाळलं की पाणी आणि धूर उडून जातात, पोटॅशियम राखेत मागे राहतं. नीलेशच्या काउंटरची बेल वाजवणारा पाहुणा हा असा घरचाच निघाला.

ओटीवर येऊन मी बाळारामदादांना सगळं सांगितलं. केळ्यात हे आहे, बटाट्यात आहे, तुमच्या-माझ्या अंगात आहे, रोपालाही तेच हवं असतं. "तुम्ही हो नायतर नाय विचारलंत. माझं उत्तर हो आहे. बी टाका."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. सर पोरीचे, तुमी सरांच्या. सगळी एकाच घरची झालात. गावाला मी काय सांगू?"

मला राग आलाच. उन्हात दिवस काढला होता मी. पण त्यांचंही खरं होतं. "मग दुसऱ्याच्या राबावर यंत्र लावू," मी म्हटलं. "तिथेही असंच आलं तर?"

"तर मानीन."

दुसरा राब मिळवायचा म्हणजे काय ते त्या संध्याकाळी कळलं. शेजारच्या काकांनी बांधावरूनच हात जोडले. "बाळाराम, तुजं झालं तेवढं बास. आमच्या शेताला नको लावू ते." पलीकडच्यांनी आम्हाला येताना बघून कुडाचं फाटक ओढून घेतलं. तिसऱ्या घरी चहा मिळाला, सरबत मिळालं, शेताचा विषय काढला की घरमालकाला एकदम फोन यायचा. साहिल मागून खाली मान घालून चालत होता. एका लाल खांबाने काय केलंय ते तो घरोघर बघत होता. मला त्याची दया आली.

शेवटी वनिताताईंनी मोबाइल उचलला. "माझा भाऊस हाय पळसदरीला. त्याला नाय म्हनू दे मला, बघते."

पळसदरी

विलासमामा नाही म्हणाले नाहीत. फोनवरच म्हणाले, "लावा की. माजा राब काय लाजतोय काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पळसदरीला गेलो. गाडीत मी, नीलेश, मानसी, वनिताताई. साहिल त्याच्या बाइकवर. निघताना बाळारामदादा ओटीवरून हलले नव्हते. पोचल्यावर अर्ध्या तासाने आम्ही मामांच्या अंगणात करवंदं खात बसलो होतो, तर टेंपोच्या पुढच्या सीटवरून उतरणारे दादा दिसले. ते थेट शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले.

पळसदरीचं छोटं धरण डोंगराच्या कुशीत आहे. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाची माती उघडी पडली होती. मामांकडे सुट्टीची पाहुणे मंडळी उतरतात. त्यांतला एक गृहस्थ चड्डी आणि गॉगलवर येऊन मला म्हणाला, "सोनं शोधताय का?" मी म्हटलं, "हो, सापडलं तर तुम्हाला आधी सांगते." तो खरंच दुपारभर आमच्यामागे फिरला.

आज मी काही हातात घेतलं नाही. मानसीलाच सगळं करायला सांगितलं. आधी गायगर काउंटर कोऱ्या खाचरात, मग राबावर, दोन्हीकडे तेवढाच वेळ. राबावर टिकटिक वाढली. ती इतकी थोडी वाढते की कानाला लगेच कळत नाही, मोजावंच लागतं. साहिल मोजत होता, ओठ हलवत. मग डिटेक्टर. गोधडी. आणि पडद्यावर त्याच जागी टेकडी.

"आहे," मानसी गोधडीतून म्हणाली.

बाळारामदादा बांध उतरून जवळ आले. ते राबाच्या कडेला उकिडवे बसले आणि काउंटरकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच साहिलकडे वळून त्यांनी विचारलं, "किती आलं रं याचं?"

साहिलने भीत भीत आकडा सांगितला.

"आन माजं किती होतं?"

त्याने तोही सांगितला.

"म्हंजे माजं जास्त."

"हो दादा. थोडं जास्त."

दादांनी राबातली माती चिमटीत घेतली, चोळली, आणि मेहुण्याकडे बघितलं. "कवळ किती टाकलंस रं यंदा?"

"टाकलं की," मामा म्हणाले. "नेहमीसारखं."

"नेहमीसारखं नाय. हे बघ, वरवर भाजलंय. पाला नुसता टाकलास आन काडी लावलीस."

"दाजी, आता डोंगरावर कोन जातंय कवळ तोडायला? पाव्हने बघू का कवळ बघू?"

"तेच म्हनतो मी. पाव्हन्यांनी राब होत नाय. यंत्राला पन कळलं."

वनिताताई खो खो हसायला लागल्या, मामाही. मी तर चाटच पडले. ज्या आकड्याने गेले काही दिवस या माणसाला तोंड वर काढू दिलं नव्हतं, तोच आकडा तो आता मेहुण्याच्या नाकापुढे नाचवत होता. चांगला राब म्हणजे जास्त राख, जास्त राख म्हणजे जास्त टिकटिक. विज्ञानाच्या हिशेबाने दोन शेतांवरून एवढं ठाम बोलता येत नाही, आणि एरवी मी लगेच तसं म्हटलं असतं. त्या दिवशी गप्प बसले.

"हे टाक तुज्या त्या स्टेटसला," दादा साहिलला म्हणाले. "मेवण्याचं नाव घालून टाक."

साहिलने माझ्याकडे पाहिलं, मानसीकडे पाहिलं. "पुन्हा मोजून झाल्यावर, दादा," तो म्हणाला. मानसीने त्याच्यापुढे करवंदांचा द्रोण सरकवला. तिने बोलायला सुरुवात केली असं मी धरलं.

दुपारी धरणाच्या काठाला झाडाखाली आम्ही चौघं बसलो. मी नीलेशच्या दोन्ही विद्यार्थ्यांना नेहमीचा प्रश्न विचारला, या कामात भोक कुठे आहे? साहिल विचार करत बसला. मानसी म्हणाली, "भाजायच्या आधी मोजलं नाही."

अगदी बरोबर. राब आणि कोरं खाचर या दोन वेगळ्या जागा आहेत. राबाची माती मुळातच वेगळी नाही कशावरून? एकाच जागेवर आधी मोजायचं, मग राब भाजायचा, मग पुन्हा मोजायचं, तर हे काम पक्कं. म्हणजे पुढल्या वर्षापर्यंत थांबणं आलं. आणि शेत हवं बाळारामदादांचं.

"मी विचारणार नाही मॅडम," नीलेश म्हणाला. "त्यांनी बी टाकलं तरी मी देव पावला म्हणेन. वर पुन्हा यंत्र घेऊन येतो म्हणायचं? ते मला हाकलून देतील."

मलाही धीर झाला नाही. मानसी पाण्याकडे बघत होती. तिचं कॉलेज अजून बंदच होतं, त्याबद्दल तिच्या वडिलांनी चकार शब्द काढला नव्हता. मला मनातून फार वाटत होतं की या पोरीने हे काम पुरं करावं. माझ्या इतक्या वर्षांत गोधडीत बसून एवढ्या झटकन राख म्हणणारं पोर मला क्वचितच भेटलंय. पण दुसऱ्याच्या पोरीवर आणि दुसऱ्याच्या शेतावर आपला हट्ट किती चालवायचा, यालाही मर्यादा आहे.

परत पोशीर

माझी गाडी दुपारची होती. सकाळी निरोप घ्यायला म्हणून नीलेशने आणि मी पोशीरला वाट वाकडी केली. ओटीवर कुणी नव्हतं. बियाण्याचं पोतंही जागेवर नव्हतं.

घरामागे गेलो. बाळारामदादा राबात होते. डाव्या काखेत टोपली, उजव्या हाताने बी फेकत होते, मनगटाच्या एका झटक्याने, सारखं पसरेल असं. मागून वनिताताई आणि मानसी माती हलवून बी झाकत येत होत्या. शेजारचे काका बांधावर उभे राहून बघत होते. दादा त्यांना उद्देशून, पण त्यांच्याकडे न बघता, मोठ्याने सांगत होते की पळसदरीला पण वाजतंय, सगळीकडंच वाजतंय, आन आपलं जास्त वाजतंय. काकांनी विचारलं, "आमचं किती वाजंल?" दादा म्हणाले, "यंत्राला फाटक उघडलं असतंस तर कळलं असतं."

मी गालातल्या गालात हसत उभी राहिले. ऊन वर आलं होतं, घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी हलावंसं वाटेना. माझ्यापुढे एक साधी पेरणी चालली होती. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की नीट मोजलं की भीती जाते. ती जाताना मी कधी पाहिली नव्हती.

टोपली रिकामी झाली. दादांनी ती बांधावर झटकली, घमेल्यात हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वनिताताईंनी माझ्या पिशवीत तांदळाची पुरचुंडी घातली होती, ते बघून म्हणाले, "जपून न्या. अंधारात चमकनार नाय."

"मॅडम, पोरगी रात्री म्हनत होती, भाजायच्या आदी मोजलं नाय, म्हनून तुमचं काम आर्धं हाय."

"हो," मी म्हटलं. "अर्धंच आहे."

"मंग माज्या शेतात आर्धं काम ठेवून जाऊ नका. माघात या. कवळ रचायच्या आदी." त्यांनी मागे वळून मानसीकडे पाहिलं. ती कुदळ टेकून उभी होती. "आन कॉलेज उघडलं की ही येनार हाय. तेवढं सरांना सांगा."

सर माझ्या शेजारीच उभे होते.